गँग कुणाची? करी रोडच्या कट्ट्यावरचा वाद

कुणीतरी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव बदलून ‘करी रोड गँग’ केलं आणि संध्याकाळी वकील कट्ट्यावर आला तो तणतणतच. “नाव काढा आधी ते. या भागात तरी हा शब्द गमतीत वापरू नका.”

त्याचं बोलणं हवेतलं नव्हतं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगाव पहिल्यासारखं उभं राहिलंच नाही. बापाची नोकरी गेलेल्या घरांतली काही पोरं पुढच्या दहा-पंधरा वर्षांत खंडणी आणि सुपारीच्या धंद्यात ओढली गेली. वकिलाच्या मजल्यावरचा एक त्यातच गेला. “पेपरात रोज गँगवॉर, गँगवॉर. त्याच्या आईला चाळीत कुणी हळदीकुंकवाला बोलवेना. काय केलं होतं तिनं?” मग तो कायद्यावर आला. 1999 च्या मकोकाच्या, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्याच्या, व्याख्येत सिंडिकेटच्या जोडीला गँग हा शब्द आहे, आणि त्या व्याख्येला दोन माणसंही पुरतात. “आपण इथे सातजण बसलोय,” तो म्हणाला.

मास्तरांनी विषय वेगळीकडे नेला. “अरे, शब्द मुळात आपलाच. गण! गणाचा गँग केला इंग्रजांनी.” दोघांनी माना डोलावल्या. मला गप्प बसवेना. ऐकायला सारखे वाटले म्हणून दोन शब्दांना भाऊ ठरवायचं, ही सवय मला फार खटकते, कारण त्यात खरी नाती झाकली जातात. गणाचं नातं मोजण्याशी. गणना, गणित, सगळी ती भावंडं. गँग येतो चालण्यावरून. जुन्या इंग्रजीत गँग म्हणजे जाणं, प्रवास, वाट. स्कॉटलंडच्या बोलीत ‘जाणे’ या अर्थी तो अजून आहे. भाऊच्या धक्क्याला लाँचमध्ये चढायला टाकतात त्या फळीला इंग्रजीत गँगप्लँक म्हणतात, तीही चालण्याचीच.

“मग गंगा?” मास्तर हटेनात. “ती पण जाते, वाहते. गम् धातू!”

गम् चा इंग्रजीतला भाऊ आहे, पण तो ‘कम’. गँगचं आपल्याकडचं खरं नातं आहे संस्कृत जंघेशी. जंघा म्हणजे गुडघ्याखालचा पाय, पोटरी. तीच मराठीत जांघ झाली आणि येता येता गुडघ्याच्या वर सरकली. मास्तर थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “म्हणजे मूळ पायात आहे.”

इतका वेळ गप्प बसलेला आमचा रेल्वेच्या परळ वर्कशॉपवाला तेव्हा बोलला. “माझा बाप गँगमन होता. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून मी दहा वर्षं तेच लिहिलं. कुणी हसलं नाही की घाबरलं नाही.”

त्यानं सांगितलेलं मी जसंच्या तसं देतो, कारण या वादात मला सगळ्यात मोलाचं तेच वाटलं. रूळ सरकवायचा तर दहा-बारा माणसं एका रांगेत पहारी घालून उभी राहायची. मेट, म्हणजे गँगचा म्होरक्या, हाळी द्यायचा, बाकीचे ओढून जबाब द्यायचे आणि हाळीच्या शेवटच्या अक्षराला सगळ्यांचा जोर एकदम पडायचा. एक जण अर्ध्या श्वासानं मागं राहिला तरी रूळ हलायचा नाही, उलट शेजाऱ्याच्या पहारीला हिसका बसायचा. गँगमधला चावीवाला हातोडी आणि लाल-हिरवी झेंडी घेऊन आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी तपासायचा, रूळ जागेवर धरून ठेवणारी चावी सैल झाली असेल तर ठोकून बसवायचा. पावसाळ्यात रात्रीची गस्त वेगळी. घरी आल्यावर बाप आधी पोटऱ्यांना तेल चोळायचा, जेवण नंतर. “तुमची ती जंघा,” तो मास्तरांना म्हणाला.

आता रेल्वेच्या कागदावर या माणसांना ट्रॅक मेंटेनर म्हणतात. रुळावर मात्र गँग ती गँगच.

इतिहासही त्याच्याच बाजूचा आहे. चालण्यावरून आधी ‘बरोबर न्यायच्या वस्तूंचा संच’ हा अर्थ आला. आमचा इलेक्ट्रिशियन भिंतीत बसवतो तो गँग बॉक्स याच वळणाचा, ओळीनं एकत्र बसवलेले स्विच. मग 17व्या शतकात दर्यावर्दी लोक एकत्र काम करणाऱ्या माणसांना गँग म्हणू लागले, आणि वाईट अर्थही त्याच शतकात चिकटला. गँगस्टर हा शब्द तर अमेरिकेतला, 19व्या शतकाच्या अखेरचा.

कामाच्या गँगा सुखाच्या होत्या असं मात्र कुणी समजू नये. इंग्लंडमध्ये शेतमजुरांच्या गँगांत इतकी लहान मुलं राबत, की 1867 मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला: आठ वर्षांखालचं मूल गँगमध्ये घ्यायचं नाही, आणि गँगमास्टरला परवाना हवा. गँगमास्टर म्हणजे आपला मुकादम. फेब्रुवारी 2004 मध्ये मोरकंब उपसागरात रात्री शिंपल्या वेचणारे किमान 21 चिनी मजूर भरतीत बुडून मेले, आणि त्याच वर्षी तिथे गँगमास्टरांच्या परवान्याचा नवा कायदा झाला. ऊसतोडीचा मुकादम ज्यानं पाहिलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

वकील ऐकत होता, पण बधला नाही. “मूळ काय होतं त्यानं काय फरक पडतो? महादजी शिंद्यांच्या फौजेत द बॉयन या युरोपीय सेनानीनं उभ्या केलेल्या कवायती पलटणींना कंपू म्हणायचे. आज एखाद्याला ‘तुझा कंपू’ म्हण, तो कवायत आठवेल की भांडायला येईल? लोक जो अर्थ ऐकतात तो खरा.”

त्याचा मुद्दा वजनदार आहे, कंपूच्या बाबतीत मला तो पूर्ण मान्यही आहे. पण कंपूचा जुना अर्थ संपला, त्या पलटणीही संपल्या. गँगचा जुना अर्थ दर रविवारी मेगाब्लॉकला रुळावर उभा असतो. माणसं जिवंत असताना त्यांच्या कामाचं नाव खंडणीखोरांच्या नावावर चढवायचं, हे मला मुळीच पटत नाही. पेपरांनी गँग लिहिणं सोडावं आणि सरळ गुन्हेगारांची टोळी लिहावं, असं मी म्हणालो.

तेवढ्यात मशीद बंदरला माथाडीत आयुष्य काढलेले काका उखडले. “टोळी? टोळी आमची! काम टोळीनं, मजुरी टोळीत वाटून. 1969 चा माथाडी कायदा आम्ही झगडून मिळवला, आणि गुंडांना नाव द्यायला तुम्हाला आमचीच टोळी सापडली?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि वकिलाकडेही नव्हतं. मास्तरांनी टोळकं सुचवलं, ते कुणी मनावर घेतलं नाही.

“मग लिहायचं तरी काय?” वकिलानं विचारलं.

“चार गुंड पकडले तर चार गुंड लिहा,” काका म्हणाले.