गावाचा रेडिओ काढावा, पण जपून

तर तुम्ही गावाचा रेडिओ काढणार, सरकारी भाषेत कम्युनिटी रेडिओ, म्हणजे गावातल्याच लोकांनी गावासाठी चालवलेलं छोटं एफएम केंद्र. छान. चळवळीचा आवाज, लोककलेला व्यासपीठ, तळागाळातल्या माणसाच्या हातात माईक, हे सगळं तुमच्या अर्जात आलंच असेल. यायलाच हवं. अर्ज हीच त्याची जागा आहे.

मी अशा एका केंद्रावर दोन वर्षं फुकट राबलोय (त्याला स्वयंसेवक म्हणतात), त्या हक्काने चार शब्द सांगतो. ऐकलंत तर दहा वर्षं केंद्र सुखाने चालेल आणि कुणालाही पत्ता लागणार नाही.

परवान्याची घाई करू नका. प्रक्षेपणाची ताकद साधारण १०० वॅट, म्हणजे आमच्या गोठ्यातला जुना पिवळा दिवा होता तेवढी. अँटेना ३० मीटरपेक्षा उंच नको. मध्ये डोंगर आला नाही तर आवाज दहा-बारा किलोमीटर जातो. एवढ्या दिव्यासाठी गृह आणि संरक्षण या दोन्ही मंत्रालयांची हरकत नसावी लागते. बरोबरच आहे. उद्या गोठ्यातून कोण काय बोलेल, सांगता येतं का? तेलंगणात माचनूरला दलित बायकांच्या संघम रेडिओचा स्टुडिओ तयार होता, माणसं शिकून तयार होती, तरी जवळपास दहा वर्षं त्या बायका कॅसेटी भरून गावोगावच्या बैठकांत वाजवत राहिल्या. २००८ साली एकदाचं प्रक्षेपण सुरू झालं. तेव्हा धीर धरा. तोवर तुमच्यातला उत्साही पोरगा पुण्याला नोकरीला लागेल, त्यानेही बरंच सोपं होतं.

स्टुडिओ साधा असावा. भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला जुनी गोधडी. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सांगितलं, आणि ते लिहिणाऱ्यांत आपले न्या. पी. बी. सावंत होते. त्या वाक्याची मोठी फ्रेम करून माईकच्या मागच्या भिंतीवर लावा. पाहुण्यांच्या फोटोत चांगली येते, शिवाय थोडा घुमाराही कमी होतो.

आता सल्लागार समिती. २०२४ च्या सुधारित नियमांप्रमाणे समितीत निम्म्या तरी बायका हव्यात. घाबरू नका. अध्यक्षांच्या सौभाग्यवती, सचिवांच्या वहिनी, आणि एक निवृत्त बाई ज्यांना बैठकीची वेळ नेहमी चुकीची कळते, एवढ्यात कोरम होतो. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे ना, ९०.४ वर, तसलं काही डोक्यात घेऊ नका. तिथे गावातल्या बाया खरोखरच येऊन बोलतात म्हणे. एकदा ती सवय लागली की परत चहा करायला पाठवता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. बातमी द्यायची नाही. हे मी सांगत नाही, नियम सांगतो. आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या लावता येतात, जशाच्या तशा किंवा आपल्या बोलीत भाषांतर करून. म्हणजे दिल्लीत काय झालं ते तुमच्या गावाला ऐकवता येतं. चावडीवर काय झालं ते ऐकवायचं असेल तर आधी ते दिल्लीत व्हावं लागतं. पण नियम दयाळूही आहे. हवामान, वाहतूक, परीक्षा, नोकऱ्या, सण-उत्सव, वीज-पाण्याची माहिती, हे बातमीत मोजत नाहीत. म्हणजे पाणी किती वाजता येणार हे सांगा, खुशाल सांगा. का येत नाही, हा प्रश्न आला की आमचे सचिव फेडर, म्हणजे माईकचा आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली ओढायचे. त्यांचा हात त्या फेडरवर इतका बसला होता की झोपेतही अंगठा खाली सरकायचा.

त्यांची शिकवण मात्र सोन्यासारखी. आमच्याकडे एका उन्हाळ्यात बायकांचा हंडा मोर्चा निघाला. तहसील कचेरी आमच्या स्टुडिओपासून हाकेच्या अंतरावर, हंड्यांचा आवाज गोधडीतून आत येत होता. त्या वेळी आम्ही मुगाच्या धिरड्यांची कृती देत होतो. ‘मूग रात्रभर पाण्यात भिजत घाला’ हे वाक्य बाहेरच्या घोषणांवर इतकं नेमकं पडलं की माईकवरची मुलगी हसली. ती धिरड्यांना हसली, अशी नोंद आम्ही वहीत केली.

तुम्ही एवढे भित्रे नसाल तर दोन वाटा आहेत. पहिली, वाहतुकीची. ‘तहसील कचेरीसमोरचा रस्ता दुपारी दोनपर्यंत बंद आहे, एसटी बाजारतळावरून वळवली आहे.’ बास. कशामुळे, ते ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि ज्याला कळायला नको तो एसटीने येतच नाही. दुसरी, सांस्कृतिक. ‘आज महिलांचा मेळावा उत्साहात पार पडला. पारंपरिक घटवादन हे विशेष आकर्षण ठरले.’ वादन दोन तास चाललं. तबला नव्हता.

कलेच्या बाबतीत तर मोकळे राहा, फक्त कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे. तमाशातला गण लावा, गौळण लावा, बतावणीच्या आधी मात्र जाहिरात घ्या, कारण सोंगाड्या तिथे हमखास सरपंचाचं नाव घेतो. शाहीर निवडताना दिवंगत निवडावा. जयंतीला अर्धा तास, पुण्यतिथीला अर्धा तास, आणि मधल्या काळात तो काही नवं लिहीत नाही. जिवंत शाहीर आला तर त्याची मुलाखत घ्या, पण डफ बाहेर ठेवायला सांगा. बालपण, गुरू, मिळालेले पुरस्कार एवढं विचारलं की वेळ संपतो.

सामाजिक न्यायालाही आठवड्याचा वार ठरवून द्या. गुरुवारी संध्याकाळी सव्वासहा. एरवी न्याय मागायला कुणी आलं तर गुरुवारी या म्हणावं. गावात मंदिराच्या पायरीवरून, पाणवठ्यावरून काही घडलं असेल तर ‘सामाजिक सलोखा’ या विषयावर महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना बोलवा. ते वीस मिनिटं बोलतात आणि त्यात एकही गाव येत नाही. ज्याच्यावर बेतलं त्याला बोलावू नये. तो पहिल्याच वाक्यात वार, वेळ आणि आडनाव सांगून टाकतो.

पैशाचं म्हणाल तर कागदावर काही कमी नाही. आता तासाला १२ मिनिटं जाहिराती चालतात, सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ७४ रुपये. करा गुणाकार. तासाचे ५,३२८ रुपये! आमच्या खजिनदारांनी हा आकडा फळ्यावर लिहून ठेवला होता, वर्षभर कुणी पुसला नाही. प्रत्यक्षात आमच्याकडे यायचे कृषी सेवा केंद्र, एक सोनार आणि बोअरवेलची गाडी. बोअरवेलवाला रोख द्यायचा. म्हणून भूजल पातळीवरची मालिका आम्ही चौथ्या भागानंतर थांबवली आणि त्या जागी भक्तिगीतं आली. भक्ती खोल असते, आणि तिच्यासाठी खणावं लागत नाही.

एवढं सगळं सांभाळूनही एक चूक होतेच, ती आमच्याकडून झाली. जात्यावरच्या ओव्यांचं ध्वनिमुद्रण होतं. विषय निरुपद्रवी, वारसा बिरसा, सचिवांनी स्वतः सही केलेली. वस्तीवरची एक आजी आली, पंचाहत्तरच्या पुढची. जातं नव्हतं म्हणून तिने मांडीवर हात गोल फिरवत सूर धरला. सचिव डोळे मिटून माना डोलवत होते.

पहिली माझी ओवी गं, टँकरच्या नळाला
घागर माझी रिती, पाणी गेलं मळ्याला
दुसरी माझी ओवी गं, मळ्याच्या धन्याला
ऊस त्याचा हिरवा, दुष्काळ माझ्या वाट्याला

मळ्याचा धनी कोण, ते पंचक्रोशीत विचारायला लागत नाही. अंगठा खाली आला, पण ओवी तोवर दहा-बारा किलोमीटर गेली होती. आणि ही नियमाने लोककला! संध्याकाळपर्यंत तीन वस्त्यांवरून फोन, परत लावा म्हणून. सचिवांना रात्रभर झोप नाही. सगळं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवायचं असा नियमच असल्यामुळे पुसताही येईना.

पुढच्या आठवड्यात आजी परत आली, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घेऊन. सचिवांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि अगदी गोडीत समजावलं, ‘आजी, या वेळी पांडुरंगाच्या ओव्या म्हणा हां. फक्त पांडुरंगाच्या.’

आजी म्हणाली, ‘व्हय बाबा, त्येच्याच म्हंते. टँकरचं त्येलाच सांगायचंय आता.’