संशय आधी कुणावर?

बदलापूरच्या बालिका अत्याचार प्रकरणातला आरोपी सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर 'न्याय झाला' म्हणून हात जोडलेले इमोजी आले. मला ते पटलं नाही, आणि इंग्लंडमध्ये राहून तर मुळीच पटत नाही.

इथे पोस्टाच्या 'होरायझन' संगणकप्रणालीने हिशेबात खोटी तूट दाखवली. यंत्रावर विश्वास ठेवला गेला, माणसांवर नाही. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक पोस्टचालक दोषी ठरले. त्यांत कोपऱ्यावरच्या दुकानात पोस्ट सांभाळणारे भारतीय वंशाचे बरेच जण होते. अखेर २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्यांची नावं धुवावी लागली. २०१७ मध्ये लंडनमधल्या ग्रेनफेल या निवासी इमारतीच्या आगीत ७२ माणसं गेली. मदतीचे पैसे लाटणारे तोतये तुरुंगात गेले. पण २०२४ मध्ये चौकशीचा अंतिम अहवाल आला तरी त्या मृत्यूंसाठी एकावरही फौजदारी खटला उभा नव्हता.

गुन्हा कशाला म्हणायचं हे कुणाच्या सत्तेवर ठरतं, हा प्रश्न इयन टेलर, पॉल वॉल्टन आणि जॉक यंग यांनी १९७३ मध्ये गुन्हेशास्त्रापुढे ठेवला. पुढे यंग यांनीच बजावलं की चोरी-मारहाणीचा खरा मार गरीब वस्तीलाच बसतो, तो डाव्यांनी नाकारू नये. मला आज हे दोन्ही एकत्र हवं आहे. बदलापुरात तक्रार नोंदवायलाच उशीर झाला. त्या पालकांचा संताप शंभर टक्के खरा आहे.

पण आपल्याकडे संशय कुठे वळतो? १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ मध्ये गेला, तरी चोरी झाली की पोलीस आजही आधी पारध्यांच्या पालावर जातात. २००३ मध्ये नाशिकजवळ दरोडा, बलात्कार आणि खून झाले. वाचलेल्या महिलेने पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं. फाशी मात्र भटक्या जमातींतल्या सहा जणांना झाली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई दिली. तोवर १६ वर्षं तुरुंगात गेली होती, आणि त्या चौघांचा तपास कुणी केलाच नव्हता. त्या सहा जणांना २००३ मध्येच गाडीत गोळ्या घातल्या असत्या, तर त्या महिलेला न्याय मिळाला असं आपण म्हटलं असतं का?