ओव्याच्या पानांनी डेंग्यू थांबत नाही, कूलरची टाकी घासा

"ओव्याचं झाड अंगणभर पसरवा, २० फुटांत डास फिरकणार नाही. ऊन-पाणी कसंही चालतं, घरचा ओवा मिळतो, ताप आला तर पानांचा रस प्या, दवाखाना विसरा." हा मेसेज फॅमिली ग्रुपवर तीनदा आला, मी सोडून दिलं. पण रविवारी मानेवाड्याला मोठ्या आईकडे गेले तर तिने खिडकीखाली कूलरच्या स्टँडभोवती वाफाच केलेला, आणि कूलर पावसाळा लागल्यापासून बंद, टाकीत अर्धं पाणी तसंच. "आता झाड आहे ना, कायले रिकामी करू," म्हणे. मोबाईलचा टॉर्च मारला तर आत अळ्या वळवळून राहिल्या होत्या!

आता नीट ऐका. पानात कार्व्हाक्रॉल, थायमॉल ही उग्र वासाची द्रव्यं असतात हे खरं, त्याचं तेल काढून अंगाला लावलं तर डास थोडा वेळ लांब राहतात हेही मान्य. पण झाडावर ते तेल पानाच्या लवेत बंद असतं, चुरगळल्याशिवाय धड वासही येत नाही, मग २० फुटांवरचा डास कशाने पळणार? आणि डेंग्यूचा डास अंगणातून नाही, आपल्याच टाकीतून निघतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि तो दिवसा चावतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाण्याची भांडी दर आठवड्याला रिकामी करून साफ करा. नुसतं पाणी फेकून भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. म्हणून घासायचं.

रसाचं तर डोकंच फिरवणारं आहे. डेंग्यूत खरा धोका बरेचदा ताप उतरल्यावर सुरू होतो, पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त. म्हणजे ताप आपोआप उतरेल, घरचे म्हणतील रसाने गुण आला, आणि ज्या दिवशी दवाखान्यात पळायला पाहिजे त्याच दिवशी निवांत बसतील.

बाकीचं थोडक्यात. मसाल्याचा ओवा या झाडाला लागतच नाही, ते कोथिंबिरीच्या घराण्यातलं वेगळं झाड, हे तुळशीच्या घराण्यातलं, वास तेवढा सारखा. "ऊन कसंही चालतं" म्हणणाऱ्याने मे महिन्यात नागपुरात ४५ डिग्रीत हे उघड्यावर लावून दाखवावं, पानं भाजून निघतात. पाणी साचलं तर मुळं कुजतात.

पसरतं मात्र छान, हे कबूल. जाड देठाची फांदी तोडून जूनमध्ये खोचली की लागते, जमिनीला टेकली तिथे मूळ धरते, दुपारची सावली असली की वाफा भरतो. भजी तर झकासच होतात.

मोठ्या आईचा वाफा आम्ही हलवला नाही. टाकी काथ्याने घासली, पुसली आणि गच्चीत उलटी घालून ठेवली.