बाबांची वही आणि भंगाराचा दाखला

सकाळपासून डोकं फिरलंय, त्यामुळे आज लांब लिहिणार आहे.

एका ग्रुपवर जुन्या ओळखीतल्या एकाने नव्या गाडीचा फोटो टाकलाय. बॉनेटवर रिबिनीचं मोठं फूल, हातात किल्ली, आणि खाली ओळ: 'जुनी गाडी भंगारात दिली, सरकारी सूट घेतली, पर्यावरणाला हातभार लावला.' त्याखाली अभिनंदनं, टाळ्या, हिरवी पानं. नवी गाडी जुनीच्या दीडपट आहे. सात जणांची. घरात माणसं तीन.

गाडी घे की. तुझ्या कष्टाचे पैसे आहेत, हौस कर. पण त्याला पर्यावरण म्हणू नकोस, आणि त्या नावाखाली सगळ्यांच्या करातून सूट घेऊ नकोस. ज्यांच्या दारात सायकलसुद्धा नाही, त्यांच्याही करातून ती सूट जाते.

एवढं चिडून लिहितेय, कारण तीन वर्षांपूर्वी मीही हेच केलंय. बाबांच्या गाडीचं.

बाबांची गाडी सतरा वर्षांची होती. ते निवृत्त झाल्यापासून वर्षाला जेमतेम अडीच हजार किलोमीटर चालायची. डॅशबोर्डच्या खणात एक लांबट वही, तिला सुतळीने बांधलेली पेन्सिल. पेट्रोल भरलं की पंपावरून गाडी जरा बाजूला घ्यायची आणि लिहायचं: तारीख, मीटरचा आकडा, किती लिटर. शेवटच्या रकान्यात ॲव्हरेज. १५.२. १४.८. १५.१. पानंच्या पानं तेच आकडे. मध्येच एखाद्या ओळीखाली रेघ मारलेली: '१३.६ – एअर फिल्टर बघणे'. पुढच्या ओळीत पुन्हा १५. चौदाच्या खाली आकडा आला की बाबांना चैन पडायचं नाही. टायरमधली हवा, प्लग, फिल्टर, सगळं तपासून घेतल्याशिवाय ते गाडी बाहेर काढायचे नाहीत. असा माणूस. आणि त्याच्या गाडीवर आम्ही 'जुनी, प्रदूषण करणारी' असा शिक्का मारला, तो फक्त तिच्या जन्मतारखेवरून.

माझा खरा राग इथे आहे. जुनी गाडी भंगारात दिली की नवीवर सूट देणाऱ्या या योजना गाडीचं वय विचारतात. ती किती चालते आणि किती पिते, हे विचारत नाहीत.

जर्मनीचं बघा. २००९ च्या मंदीत त्यांनी किमान नऊ वर्षं जुनी गाडी भंगारात देणाऱ्याला २,५०० युरो दिले. एकूण ५०० कोटी युरो, वीस लाखांच्या आसपास गाड्या. सरकारी नाव होतं 'पर्यावरण-बक्षीस'. आणि नव्या गाडीच्या ॲव्हरेजची अट? नव्हतीच. धुराचं एक ठरावीक मानक पाळलं की झालं. लोकांनी त्या योजनेला स्वतःचं नाव ठेवलं, आबव्राकप्रेमिए, म्हणजे भंगार-बक्षीस. तोच त्या वर्षीचा जर्मनीतला 'वर्षाचा शब्द' ठरला. लोकांना बरोबर कळलं होतं बक्षीस कशाचं आहे ते.

अमेरिकेने त्याच वर्षी निदान ॲव्हरेज तरी विचारलं, हे मान्य. जुनी गाडी गॅलनला १८ मैल किंवा त्याहून कमी देणारी हवी, नवी कार किमान २२ मैल देणारी, आणि सूट ३,५०० किंवा ४,५०० डॉलर. पण २२ मैल म्हणजे आपल्या हिशेबात लिटरला साडेनऊ किलोमीटरसुद्धा नाहीत! आणि जमा झालेल्या गाडीचं काय करायचे, माहितीये? इंजिनातलं ऑइल काढून टाकायचं, त्या जागी सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचं आणि इंजिन चालू करून ते आतल्या आत जाम होऊन बंद पडेपर्यंत तसंच ठेवायचं. गाडी चालू स्थितीत असणं ही योजनेची अटच होती. चालणारीच गाडी घ्यायची आणि ती मारायची. पावणेसात लाखांहून जास्त गाड्या.

मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला भंगाराचं यार्ड आठवलं. बाबांची गाडी तिथपर्यंत बाबांनीच चालवत नेली होती. एका सेल्फमध्ये सुरू झाली होती ती सकाळी. तिथल्या मुलांनी बॅटरी काढली, टाकीतलं पेट्रोल काढलं, ऑइल सोडलं, चासी नंबर असलेला तुकडा कापून बाजूला ठेवला. काळजीपूर्वक काम करत होती मुलं, त्यांचा काही दोष नाही. बाबा शेजारी उभे होते, हातात ती वही. मी दाखल्याच्या, म्हणजे गाडी भंगारात दिल्याच्या सर्टिफिकेटच्या, कागदांवर सह्या करण्यात गुंतले होते.

आता आणखी एका मुलाबद्दल सांगते, त्याच्यासाठीच हे सगळं लिहितेय.

आमच्याकडे फ्रीज, एसी, वॉशिंग मशीन दुरुस्त करायला एक मुलगा यायचा. सामान, गॅसची नळकांडी, शिडी, सगळं एका जुन्या धुराड्यासारख्या जड गाडीतून घेऊन फिरायचा. गाडी बारा वर्षांची, लिटरला आठ देणारी. रोजचं फिरणं सत्तर किलोमीटर. बाबांची गाडी तो यायचा तेव्हा कौतुकाने बघायचा, बॉनेट उघडून दोघं बोलत बसायचे. त्याने दोनदा सांगून ठेवलं होतं, "काका, कधी विकायची झाली तर आधी मला सांगा."

बाबा मला म्हणाले, "त्याला देऊन टाकू. त्याची ती खटारा जाऊ दे भंगारात."

मी काय म्हणाले? "अहो बाबा, त्याला विकली तर आपल्याला सूट कशी मिळेल? आणि जुनी गाडी रस्त्यावर फिरतच राहील, त्याचं काय?"

फिरतच राहील! किती शहाणपणाने बोलले होते मी. बाबा गप्प बसले. माझं शिक्षण जास्त, मी वाचन करते, मला पर्यावरणाचं कळतं, असं त्यांनाही वाटत असणार.

आज तो फोटो बघून कपाटातून ती वही काढली. शेवटच्या पानाच्या मागे पेन्सिलीने केलेला हिशेब सापडला. मला कधी दाखवला नव्हता. दोन रकाने. पहिल्यात आपण: वर्षाला २,५०० किलोमीटर, जुनीवर १६७ लिटर, नवीवर २१ च्या ॲव्हरेजने ११९, बचत ४८ लिटर. दुसऱ्यात तो: सत्तर गुणिले तीनशे दिवस, म्हणजे २१,००० किलोमीटर. त्याच्या गाडीवर २,६२५ लिटर, आपल्या गाडीवर १,४००. बचत १,२२५ लिटर.

४८ आणि १,२२५. बाबांनी खाली काहीच लिहिलेलं नाही.

पंचवीस पट. सरकारने ४८ लिटर वाचवायला सूट दिली आणि १,२२५ लिटर वाचवणारी गाडी यार्डात कापायला लावली. आणि मी त्या कागदावर सही केली.

'किलोमीटर पर लिटर' या आकड्यातच फसगत आहे. १५ वरून २१ म्हणजे सहाची वाढ, ८ वरून १५ म्हणजे सातची. ऐकायला जवळपास सारखंच. पण शंभर किलोमीटरला लागणारं पेट्रोल मोजा. १५ ची २१ झाली तर दोन लिटरसुद्धा वाचत नाहीत. ८ ची १५ झाली तर जवळजवळ सहा लिटर वाचतात. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोन अभ्यासकांनी २००८ मध्ये ही फसगत नीट मांडली होती. म्हणजे सगळ्यात मोठी कमाई सगळ्यात वाईट गाड्या बदलण्यात आहे. आणि त्या कोण चालवतं? ज्याला नवी परवडत नाही तो. त्याला सूट देऊन काय उपयोग, सूट सोडून उरलेली रक्कम तो आणणार कुठून?

नवी गाडी काय झाडाला लागते का? पोलाद, ॲल्युमिनियम, काच, प्लास्टिक, रबर, सगळं बनवताना धूर होतोच. एक गाडी बनवायला काही टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पाच टन धरा. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो. आम्ही वर्षाला ४८ लिटर वाचवतोय, म्हणजे ११० किलो. पाच टन फेडायला पंचेचाळीस वर्षं! बाबा बहात्तरचे आहेत.

हो, माहितीये. नव्या गाडीत एअरबॅग आहेत, ब्रेक चांगले आहेत, आणि खरोखर जुनाट गाड्यांचा विषारी धूर लहान मुलांच्या छातीत जातो. हे मला मान्यच आहे. म्हणूनच तर म्हणतेय की धूर मोजा, वाढदिवस मोजू नका.

आणि ते 'कारखाने चालले, नोकऱ्या वाचल्या' वगैरे सांगू नका. योजना चालू होती त्या महिन्यांत अमेरिकेत गाड्या खपल्या, हे खरं. पण आतिफ मियाँ आणि अमीर सूफी या अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशेब लावला तेव्हा दिसलं की लोकांनी पुढे घ्यायची होती तीच गाडी आधी घेतली, आणि पुढच्या काही महिन्यांत विक्री तेवढीच खाली आली. ज्याला घ्यायचीच होती, त्याला बक्षीस.

आपल्या २०२१ च्या स्क्रॅपेज पॉलिसीत, म्हणजे जुन्या गाड्या भंगारात काढायच्या सरकारी धोरणात, तर एक गोष्ट मला अजून पचत नाही. भंगाराचा दाखला दाखवला की नव्या खासगी गाडीला रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सवलत, आणि व्यावसायिक गाडीला १५ टक्क्यांपर्यंत. अरे, दिवसभर रस्त्यावर कोण असतं? घरासमोर कव्हर घालून ठेवलेली गाडी, की टेम्पो आणि टॅक्सी? जी जास्त जाळते तिला कमी? नव्या गाडीच्या ॲव्हरेजची अटही नाही, म्हणून तर त्या फोटोतली सात जणांची गाडी हातभार म्हणून मिरवते आहे.

'मग दुसरं काय करणार, एवढं बारीक कोण मोजणार' असं कोणीतरी खाली लिहीलच. कॅलिफोर्नियात 'क्लीन कार्स फॉर ऑल' नावाची योजना आहे. कमी उत्पन्न असणाऱ्यांसाठीच. जुनी गाडी द्या आणि जास्त स्वच्छ गाडी घ्या, वापरलेली घेतली तरी चालते. गाडीच नको असेल तर मदतीचे पैसे बस-ट्रेनच्या प्रवासाला वापरा. फ्रान्सनेही कित्येक वर्षं उत्पन्न बघून मदत दिली, वापरलेल्या गाडीलाही दिली. म्हणजे करता येतं. मीटर तर प्रत्येक गाडीत असतं, तपासणीला गेली की आकडा समोरच दिसतो. आमची गाडी त्या मुलाला आणि त्याची भंगारात, यावर दोन्ही घरांना मिळून एक सूट दिली असती तर सरकारचं काय बिघडलं असतं? आम्ही त्याला गाडी निम्म्या किमतीत दिली असती. बाबांनी तर फुकटसुद्धा दिली असती, मी आडवी आले नसते तर.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या फोटोवाल्यावर खरं तर तेवढा राग नाही. त्याला कोणी सांगितलंच नाही, जसं मलाही कोणी सांगितलं नव्हतं. बाबांनी सांगितलं होतं, पण मी ऐकलं नाही.

नवी गाडी छान आहे. ॲव्हरेज समोर स्क्रीनवर येतं, म्हणून बाबांनी वही लिहिणं बंद केलं. आता ते गाडी फारशी बाहेर काढतही नाहीत.

मघाशी त्या मुलाला फोन केला. मधल्या काळात आमच्याकडे काही बिघडलं नाही, त्यामुळे तीन वर्षांत बोलणंच झालं नव्हतं. गाडी अजून तीच आहे. "सात-साडेसात देते आता, ताई. जरा धूर पण मारते." मग त्यानेच विचारलं, "काकांची गाडी काय झाली हो? विकली का?"

भंगारात दिली, म्हटलं.

पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग म्हणाला, "पण चालू होती ना, ताई?"