रानाचे वारस

खाजगी रानांच्या वृद्ध मालकांवरील एक लेख वाचला; त्यात वारसाहक्काचा मुद्दा आला, हे फार आवश्यक होते. कारण रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतांश जंगल खाजगी मालकीचे असून सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची नावे पिढ्यान्‌पिढ्या वाढतच गेली आहेत. गावी राहिलेल्या सत्तरीतल्या माणसाला वणव्याआधी जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ केलेला पट्टा) काढणे झेपत नाही आणि मुंबईतल्या मुलांना रानाच्या हद्दीही ठाऊक नसतात. मग दवाखान्याच्या खर्चापायी उभे रान जळाऊ लाकूड म्हणून ठेकेदाराला दिले जाते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबांतील मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क मिळाला, तरी बहिणींकडून हक्कसोडपत्र घेण्याचीच घाई होते, हे मला अतिशय खटकते, कारण रान राखू इच्छिणारी वारस कित्येकदा बहीणच असते.