त्यात बायका आल्याच की!

परवा आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या गणेश मंडळाच्या ग्रुपवर सभेची नोटीस आली. 'सर्व सभासद बंधूंनी अगत्याने उपस्थित राहावे.' मी लिहिलं, काका, 'बंधू-भगिनींनी' करा ना. लगेच उत्तर : "अगं, त्यात बायका आल्याच की!" खाली तीन अंगठे. वर्गणीच्या निम्म्या पावत्या बायकांच्या नावाने फाटतात, ते सोडा.

1947 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात जवळजवळ हाच युक्तिवाद झाला होता, आणि तो करणारी चक्क एक बाई होती, आयोगाच्या अमेरिकन अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात होतं 'ऑल मेन'. 'मेन' म्हटलं की सगळी माणसं आली, असं त्यांचं म्हणणं. ते पटलं नाही भारताच्या प्रतिनिधी, आपल्या हंसाबेन मेहतांना. आयोगावर बायका या दोघीच! उद्या एखादा देश 'मेन'चा अर्थ शब्दशः पुरुष असाच लावेल, ही हंसाबेनची भीती. त्या अडून बसल्या. 10 डिसेंबर 1948 ला पॅरिसमध्ये जाहीरनामा मंजूर झाला तेव्हा पहिल्या कलमात 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' होतं. (त्याच कलमाच्या शेवटी 'ब्रदरहूड' राहिलंच. काकांना सांगू नका.)

बडोद्याच्या दिवाणांची ही मुलगी, पुढे एम. एस. युनिव्हर्सिटीची कुलगुरू. तिच्या नावाच्या लायब्ररीत बसून मी दोन वर्षं नोट्स उतरवल्या, पण हे मला तिथे कुणी सांगितलं नाही. आमच्या अभ्यासातलं आंतरराष्ट्रीय राजकारण म्हणजे क्षेपणास्त्रं, करार आणि सुटातले पुरुष.

बाई खुर्चीवर आली की युद्धं थांबतात, असलं काही मी म्हणत नाहीये. इंदिराबाई आणि थॅचरबाई दोघीही लढल्या. माझं दुखणं वेगळं आहे. हक्क देताना बायका 'त्यात आल्याच', अडवायचं असलं की मात्र त्यांचा स्वतंत्र उल्लेख! आपल्या परराष्ट्र सेवेच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं होतं, की महिला अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची. याच सेवेतल्या अधिकारी सी. बी. मुथम्मा बढतीसाठी सुप्रीम कोर्टात गेल्या तेव्हा, 1979 मध्ये, न्या. कृष्ण अय्यर यांनी या नियमांवर चांगलेच कोरडे ओढले. पुरुष अधिकाऱ्याच्या लग्नाने देशाच्या कामात खोळंबा होत नव्हता वाटतं!

आणि संयुक्त राष्ट्रांचे पहिले नऊ सरचिटणीस? नऊच्या नऊ पुरुष. त्यात बायका आल्याच असतील.

आमच्या ग्रुपवर नोटीस अजून तशीच आहे. आज सकाळी तिच्याखाली दुसरा मेसेज पडला : 'भगिनींनी मोदकांसाठी नावे द्यावीत.'