लाटणं, हिटलर आणि आत्याचा फॉरवर्ड

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आत्याचा मेसेज आला. आत्या गोरेगावला राहते, वय सत्त्याहत्तर. दूध तापायला ठेवलं की फोन हातात घेते, मग दूध उतू जातं आणि आमचे फोन वाजायला लागतात. वर तिचं एकच वाक्य: ‘हे खरं का गं?’ खाली कुणीतरी लिहिलेली ‘जगातल्या डाव्यांची पाच सत्यं’. एक, जगभरचे डावे एकाच माळेचे मणी. दोन, एकदा खुर्चीत बसले की निवडणुकीने उठत नाहीत. तीन, हिटलरही डावाच, त्याच्या पक्षाच्या नावातच ‘समाजवादी’ होतं. चार, जिथे गेले तिथे देश भिकेला लागला. पाच, अमेरिकन लोक शहाणे, म्हणून तिथे डावा पक्षच नाही. शेवटी तीन लाल उद्गारचिन्हं आणि ‘अकरा जणांना पाठवा’.

असले मेसेज मी एरवी न वाचताच उडवते. पण विचारत होती आत्या, जी १९७२-७३च्या महागाईत हातात लाटणं घेऊन मोर्चाला गेली होती. तो मोर्चा काढणाऱ्या महिला समितीत पुढे कोण होतं? मृणाल गोरे, समाजवादी. अहिल्या रांगणेकर, मार्क्सवादी कम्युनिस्ट. तारा रेड्डी, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या. तेल, साखर, रॉकेलसाठी या बायका एकत्र आल्या, पण घरी जाताना प्रत्येकीचा झेंडा वेगळा आणि एकमेकींच्या पक्षाबद्दलचं मत तर विचारूच नका. आत्या सांगते, परतताना गाडीच्या गर्दीत तिचं लाटणं कुणाशी तरी बदललं. हातात आलं ते एका टोकाला चिरलेलं, ‘नक्की त्या लाल बावट्यावाल्यांपैकी कुणाचं तरी’. अजून त्याच लाटण्याने पोळ्या करते आणि अजून कुरकुरते. आणि हिला कुणी सांगावं की डावे म्हणजे एकाच माळेचे मणी!

ही माळ आपल्याच देशात किती वेळा तुटली बघा. कम्युनिस्ट पक्ष १९६४ साली फुटला, १९६९ साली नक्षलबारीवाले वेगळे झाले. आणीबाणीत तर भारतीय कम्युनिस्ट पक्ष इंदिराबाईंच्या बाजूने, आणि मार्क्सवादी न् समाजवादी कार्यकर्ते तुरुंगात. मृणालताईंनाही अटक झाली होती. आपला पाठिंबा चुकला हे भाकपने १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात कबूल केलं. एकाच संकटात एक डावा सरकारबरोबर आणि दुसरा गजाआड, याला कोणती माळ म्हणायची?

आता हिटलर. बाकी चार मुद्द्यांवर निदान वाद तरी घालता येतो, या मुद्द्यावर मात्र माझा चहा खरंच गार झाला. पक्षाच्या नावात ‘समाजवादी’ होतं म्हणून तो डावा! आमच्या लहानपणीच्या चाळीचं नाव ‘इंद्रभुवन’ होतं. नळाला पाणी पाऊण तास, संडासाला रांग, आणि तिसऱ्या मजल्याचा कठडा सुतळीने बांधलेला. नावावरून पक्ष ओळखायचे तर उत्तर कोरियाच्या नावातही ‘लोकशाही’ आहे. जपानची लिबरल डेमोक्रॅटिक पार्टी पक्की परंपरावादी आहे आणि पोर्तुगालचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष तिथला उजवीकडे झुकलेला पक्ष आहे.

यातलं अर्धसत्य देऊन टाकते, म्हणजे पुढे कुणी तेच तोंडावर फेकायला नको. नाझींच्या १९२० च्या पंचवीस कलमी कार्यक्रमात मोठ्या उद्योगसमूहांचं राष्ट्रीयीकरण आणि बड्या उद्योगांच्या नफ्यात वाटा असल्या मागण्या होत्या. कागदावर होत्या. सत्ता आल्यावर काय केलं? २ मे १९३३ ला कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या आणि पुढारी उचलले. ज्यांची आजी-आजोबांची पिढी गिरणीत राबली, त्यांना युनियनची कचेरी ताब्यात घेणं म्हणजे काय ते समजावून सांगायला लागू नये.

खरं तर एका दिवसाचा मतदानाचा निकाल या मुद्द्याला पुरतो. २३ मार्च १९३३. जर्मन संसदेची इमारत महिन्याभरापूर्वी जळालेली, म्हणून बैठक क्रोल ऑपेरा हाउसमध्ये. सभागृहात हिटलरच्या गणवेशातल्या टोळ्या उभ्या. ठराव असा, की संसदेला न विचारता कायदे करण्याचा अधिकार हिटलरच्या सरकारला द्यायचा. त्याच महिन्यात निवडून आलेले ८१ कम्युनिस्ट खासदार सभागृहात नव्हतेच, कारण कुणी कोठडीत, कुणी भूमिगत. सोशल डेमोक्रॅट, म्हणजे तिथले निवडणुकीच्या वाटेने जाणारे डावे, १२० निवडून आले होते, त्यातले ९४ पोचू शकले. त्यांचे नेते ऑट्टो वेल्स उठून म्हणाले, आमचं स्वातंत्र्य आणि प्राण घेता येतील, अब्रू नाही. मतं पडली: बाजूने ४४४, विरुद्ध ९४. विरोधातलं एकूण एक मत सोशल डेमोक्रॅटांचं. मध्यममार्गी, परंपरावादी, कॅथलिक, सगळ्यांनी हो म्हटलं. आदल्याच दिवशी डाखाऊची छळछावणी उघडली होती आणि तिथे सुरुवातीला आणले गेले ते मुख्यतः कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट. ज्याच्याविरुद्ध फक्त डाव्यांनी मत दिलं आणि ज्याने आधी डाव्यांनाच कोंडलं, तो म्हणे डावा.

या गोष्टीत डाव्यांची लाज काढणारा एक भागही आहे. तो फॉरवर्डवाल्याला माहीत नाही, नाहीतर त्याने तोच लिहिला असता. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझींना १९६ जागा होत्या. सोशल डेमोक्रॅट १२१ आणि कम्युनिस्ट १००, म्हणजे दोघे मिळून नाझींच्या पुढे. पण कम्युनिस्ट सोशल डेमोक्रॅटांना ‘सोशल फॅसिस्ट’ म्हणायचे आणि ते यांना मॉस्कोचे हस्तक. एका माळेचे मणी असते तर निदान एका बाजूला तरी बसले असते.

दुसरा मुद्दा, खुर्ची न सोडण्याचा. यात तथ्य आहे, आणि ते चीन, व्हिएतनाम, क्यूबा, उत्तर कोरिया इथे दिसतं. तिथे सत्ता क्रांतीतून किंवा युद्धातून आली आणि समोर दुसरा पक्ष उरूच दिला नाही. याहून वाईट म्हणजे मतपेटीतून येऊन मग दार लावून घेणारे: व्हेनेझुएलात मादुरो, निकाराग्वात ओर्तेगा. पण याच ओर्तेगाने १९९० ची निवडणूक हरून व्हियोलेता चामोरोंच्या हाती सत्ता दिली होती. तोच माणूस, तोच पक्ष. पुन्हा आल्यावर त्याने न्यायालयं आणि निवडणूक यंत्रणा खिशात घातली, तेव्हा खेळ संपला.

नियम शाबूत राहिले तिथे डावे गेले, रडत का होईना. स्वीडनचे सोशल डेमोक्रॅट १९३२ पासून जवळजवळ सलग ४४ वर्षं सत्तेत होते. १९७६ साली हरले आणि उठले. उरुग्वेची डावी आघाडी २०१९ साली अगदी थोडक्यात हरली, तरी सत्ता दिली आणि २०२४ साली परत जिंकली. आणि पश्चिम बंगाल? चौतीस वर्षांनंतर २०११ साली डावी आघाडी गेली, मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य स्वतः जादवपूरमध्ये पडले. त्रिपुरा २०१८ साली गेलं. उलट १९५७ साली केरळात नंबुद्रिपादांचं निवडून आलेलं सरकार दोन वर्षांत केंद्राने बरखास्त केलं. म्हणजे निवडणुकीविना खुर्चीवरून उठवलं कुणी कुणाला?

चौथ्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. व्हेनेझुएलाची दशा झाली, मान्य. बंगालातून कारखाने गेले, त्यात डाव्यांचा वाटा होता, तेही मान्य, दात-ओठ खाऊन का होईना. पण ब्रिटनमधली सरकारी आरोग्यसेवा १९४८ साली मजूर पक्षाने सुरू केली, आणि नंतर कित्येक वर्षं राज्य केलेल्या हुजूर पक्षालाही ती मोडायची हिंमत झाली नाही.

पाचवा मुद्दा मात्र खरा विचार करण्यासारखा आहे. अमेरिकेत मोठा डावा पक्ष नाही, हे बरोबर. त्याचं कारण शहाणपण नाही. १९२० साली समाजवादी पक्षाचा युजीन डेब्स तुरुंगातून अध्यक्षपदाला उभा राहिला आणि नऊ लाखांवर मतं घेतली. राज्य एकही पदरात पडलं नाही, कारण तिथे राज्यात पहिला येईल तोच जवळपास सगळं नेतो. अशा ठिकाणी तिसरा पक्ष काढण्यापेक्षा दोनपैकी एकात घुसून उमेदवारी मिळवणं सोपं. स्वतःला समाजवादी म्हणवणाऱ्या बर्नी सँडर्सनी तेच करून पाहिलं, आणि तसेच ममदानी २०२५ साली न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक डेमोक्रॅट उमेदवारीवरच जिंकले. जर्मनीत हिशेब वेगळा. तिथे मतांच्या प्रमाणात जागा, पण पाच टक्क्यांची अट. २०२१ साली डाव्यांच्या ‘लिंके’ पक्षाला ४.९ टक्के मिळाले. एरवी पत्ता कटच, पण तीन मतदारसंघ थेट जिंकले म्हणून संसदेत बसायला मिळालं. ब्रिटनमध्ये २०२४ साली मजूर पक्षाने ३४ टक्क्यांहूनही कमी मतांत ६५० पैकी ४११ जागा नेल्या. म्हणून ‘डावा पक्ष कसा असतो’ हे विचारायच्या आधी त्या देशात मतं मोजतात कशी हे विचारावं लागतं. डहाणूत मार्क्सवादी आमदार निवडून येतो आणि ज्या लालबाग-परळात एकेकाळी लाल बावटाच दिसायचा तिथे त्यांचा नगरसेवक शोधायला जावं लागतं, तेही काय परळकर अचानक शहाणे झाले म्हणून? गिरण्याच गेल्या, गिरणीवाले वसई-विरार आणि कल्याणच्या पलीकडे गेले.

हे सगळं मी आत्याला फोनवर सांगितलं. मधे दोनदा तिने गॅस कमी केला. शेवटी म्हणाली, ‘एवढं मला टाइप करता यायचं नाही, त्या हिटलरचं तेवढं सांग.’ मी आकडे सांगितले, तिने लिहून घेतले, आणि ग्रुपवर टाकलं: ‘बाजूने ४४४, विरुद्ध ९४, ते ९४ कोण ते शोधा.’ दोन अंगठे आले, एक नमस्कार. दहा मिनिटांनी तोच फॉरवर्ड पुन्हा आला, या वेळी माझ्या ठाण्याच्या चुलतसासऱ्यांकडून.